घरी केलेल्या बिअरवर पांढरा थर आलाय, आंबट वास येतोय, फेकून देऊ का?

लगेच ओतू नका. आधी थर नीट बघा. दुधावरच्या सायीसारखा पातळ, सुरकुतलेला आणि मधे मोठे बुडबुडे असतील तर जंगली यीस्ट नाहीतर लॅक्टोबॅसिलस (आंबवणारा बॅक्टेरिया) घुसलाय, बिअर आंबट होईल पण बहुतेक वेळा विषारी नसते. केसाळ हिरवी-काळी बुरशी दिसली तर मात्र सरळ मोरीत, चव वगैरे बघत बसू नका. आणि पहिल्या आठवड्यातला तपकिरी चिकट फेस असेल तर ते इन्फेक्शन नाहीच, यीस्ट काम करतंय.

आता घाण येते कुठून, तर बरेच लोक बादली घासतात आणि बादलीचा नळ तसाच ठेवतात, तो नळ पूर्ण खोलून बघा, आत तपकिरी चिकट थर सापडेल, त्यावर सॅनिटायझर ओतून काही उपयोग नाही कारण आधी घासून साफ आणि मग सॅनिटाइझ असाच क्रम लागतो. स्टार सॅन (बिअरच्या भांड्यांसाठीचं सॅनिटायझर) ५ गॅलन पाण्यात १ औंस, एक-दोन मिनिटं ओलं राहू द्या, धुवायचं नाही, फेस राहिला तरी चालतो. ओरखडे पडलेली प्लॅस्टिकची बादली आणि जुनी रबरी नळी बदलाच, स्वस्त असतात.

ही बॅच बाटल्यांत भरू नका हं, जंगली यीस्ट उरलेली साखर खात राहतं आणि बाटली फुटू शकते. भारतात असाल तर बहुतेक राज्यांत लायसन्सशिवाय घरी बनवणं बेकायदेशीर आहे, हे वेगळं.