"मॅडम, याला स्कोप आहे का?"

गेल्या जुलैत माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला एक मुलगा वडिलांबरोबर आला. वय 23, केमिस्ट्रीत बीएस्सी, गाव सांगली जिल्ह्यातलं. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये दहावीपासूनची मार्कशीटं ओळीनं लावलेली. पदवीनंतर दोन वर्षं पुण्यात नव्या पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी केली होती. पहिल्या वेळी पूर्वपरीक्षा तीन मार्कांनी हुकली, दुसऱ्या वेळी बरीच लांब राहिली.

वडील साखर कारखान्याच्या काट्यावर क्लार्क. आधी तेच बोलले. "मॅडम, दोन वर्षं वाया गेली पोराची. आता एमएस्सीला तरी घेतील का? गॅप पडलाय ना."

गॅपची ही भीती माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत असते, म्हणून तिचं उत्तर आधी देऊन टाकते. एमएस्सीला, एमबीएला, तीन वर्षांच्या लॉला गॅपवाली मुलं दरवर्षी प्रवेश घेतात. फार तर गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. आयआयटीत एमएस्सीला जायची जॅम परीक्षा आहे, तिला तर वयाची अटच नाही. खरी अडचण असते ती तारखांची. जॅमची परीक्षा फेब्रुवारीत आणि तिचे अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. एमबीए, लॉ, बीएडच्या सीईटी साधारण मार्च ते मे. मुलं मात्र निकाल हातात आल्यावर, जून-जुलैत "आता पुढे काय" म्हणून माझ्यासमोर बसतात. तोवर निम्मी दारं त्या वर्षापुरती लागलेली असतात. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपूर्वी या, असं मी कॉलेजांत जाऊन घसा फोडून सांगते. कोण ऐकतं!

पहिल्या भेटीत चूक माझ्याकडूनच झाली. मी कागद ओढला आणि नेहमीचा तक्ता काढून दिला: एमएस्सी, एमबीए, बीएड, अप्रेंटिसशिप, बँकेच्या परीक्षा. मुलगा प्रत्येक ओळीवर मान हलवत होता आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारत होता, "याला स्कोप आहे का?" एमपीएससी निवडताना त्यानं मित्रांना हेच विचारलं असणार. तक्ता घेऊन दोघं गेले, आणि याचा काही उपयोग होणार नाही हे मला दार लागतानाच कळलं.

दुसऱ्या भेटीला त्याला एकट्याला बोलावलं. म्हटलं, "स्कोप राहू दे. कुठल्या कामात घड्याळ बघायचं विसरला होतास, ते सांग." तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, कॉलेज बंद होतं त्या वर्षी कारखान्याच्या लॅबमध्ये सीझनभर बदलीवर होतो.

"रसाचा नमुना यायचा. त्यात लेडची पावडर टाकून हलवायचा, गाळायचा आणि पोलारीमीटरमध्ये बघायचा. एकदा पोल, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, एकदम खाली आली. सगळे म्हणाले, मशीन बिघडलंय. मी नमुना परत घेतला, तरी तेच. मग काट्यावर जाऊन अण्णांना विचारलं, तर त्या गाड्या दोन दिवस यार्डात नंबराला उभ्या होत्या. ऊस शिळा झाला होता."

हे सांगताना तो खुर्चीत पुढे सरकला होता. तक्त्यातल्या एकाही ओळीनं ते झालं नव्हतं.

मी त्याला पंधरा दिवसांचं काम दिलं. तीन माणसांना भेटायचं. "स्कोप काय, पगार किती" हे विचारायचं नाही. "काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत?" एवढंच विचारायचं.

एमएस्सी ऑरगॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या सीनियरनं सांगितलं, काल दिवसभर मिश्रणातले पदार्थ वेगळे करायला सिलिकाचा एकच कॉलम चालवला, आणि ते वेगळे होतायत का हे दर थोड्या वेळानं टीएलसी या छोट्या चाचणीनं बघितलं. औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला असलेल्या मावसभावाचा कालचा दिवस म्हणजे तिसरी पाळी, एचपीएलसी या तपासणीच्या यंत्रावर ओळीनं नमुने आणि त्याहून जास्त वेळ लिहिण्यात. तिथं लिहिलं नाही तर केलंच नाही असं धरतात. तिसरा डिस्टिलरीतला केमिस्ट. मळी, यीस्ट, फर्मेंटरचं म्हणजे मळी आंबवायच्या टाकीचं तापमान. त्याच्याशी हा तीन तास बोलत बसला. त्या केमिस्टनंच मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची माहिती दिली. बीएस्सीनंतर अल्कोहोल तंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदविका तिथे करता येते. माझ्या तक्त्यात हे नव्हतं, कबूल करते.

वडिलांना हे पटेना. ते मुद्दाम एकटे येऊन भेटले. "मी जन्म कारखान्यात काढला. पगार कधी चार-चार महिने थकायचा. पोरानंही तिथंच जायचं? मग शिकवला कशाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं, आणि खोटं द्यायचं नव्हतं. डिस्टिलरीत तयार होणाऱ्या इथेनॉलचा, म्हणजे अल्कोहोलचा, बोलबाला आहे, पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळायचं धोरण आहे हे खरं. पण डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशानं निर्बंध आणले आणि कारखान्यांची गणितं रातोरात बदलली, हेही खरं. ते मी दोघांनाही सांगितलं. पण फर्मेंटेशन, म्हणजे आंबवण्याचं तंत्र, येणाऱ्या माणसाला साखर कारखान्यालाच चिकटून राहावं लागत नाही. धान्यावरच्या डिस्टिलऱ्या आहेत, औषध कंपन्याही आहेत. राहिली एमपीएससी. सोड असं मी कुणालाच म्हणत नाही. खुल्या गटालाही 38 पर्यंत वय आहे. खरी मेख तीच: वय आहे म्हणून पोरं थांबून राहतात, आणि थांबण्यालाच अभ्यास म्हणतात.

शेवटी असं ठरलं की हंगाम सुरू झाला की एका डिस्टिलरीच्या लॅबमध्ये ट्रेनी म्हणून लागायचं. चार महिन्यांनी मन बसलं तर पदविकेचा अर्ज, नाही बसलं तर पुढच्या वर्षीच्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षा. पगार ऐकून वडिलांनी तोंड वाकडं केलं, पण नको म्हणाले नाहीत.

मार्चमध्ये मुलाचा फोन आला. अर्ज भरायचा ठरवलाय म्हणाला. मग हसत सांगितलं, की त्यानं साहेबांची परवानगी काढून अण्णांना डिस्टिलरी दाखवायला नेलं होतं. अठ्ठावीस वर्षं कारखान्याच्या काट्यावर, पण डिस्टिलरीवरच्या एक्साइज खात्याच्या गेटच्या आत ते पहिल्यांदाच गेले. तासभर फर्मेंटरपाशी उभे होते. बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "रात्रपाळीला जेवायची सोय काय असते रे?"