‘नक्की गेले होते ना?’

‘मॅडम, नक्की गेले होते ना?’ म्हणजे अग्नी दिला तेव्हा आपलं माणूस खरंच जिवंत नव्हतं ना, हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून इतक्यांदा ऐकलाय की त्याआधीचं खाकरणंही ओळखते. विचारायची लाज वाटते, म्हणून लोक महिनोन्महिने झोप घालवतात. त्यातल्या एकाची ही गोष्ट, ओळख बदलून.

गिरगावातली चाळ. वडील रात्री झोपेतच गेले. सकाळी सातला कळलं, डॉक्टर तपासून दाखला देऊन गेले. अकराच्या सुमाराला अंघोळीसाठी कुशीवर वळवलं, तर घशातून ‘हं’ असा आवाज आला. पाठ जांभळी. बाकीच्यांच्या लक्षातही आलं नाही. दुपारी चंदनवाडीच्या स्मशानात अंत्यसंस्कार. त्यानंतर पाच महिने मुलाच्या कानातून तो ‘हं’ जात नव्हता.

पहिल्या तीन भेटी बापलेकांच्या भांडणांबद्दल बोलण्यात गेल्या. अपराधी वाटतंय म्हणजे मुळाशी जुनं काहीतरी असणार, हा आमच्या पेशातला लाडका समज. मीही त्यात वाहवले. चौथ्या वेळी सरळ विचारलं, ‘पाठ कशी दिसत होती?’

ते दचकले. ‘जांभळी. कुणी मारल्यासारखी. फक्त खांद्याच्या हाडांवर दोन पांढरे ठिगळ.’

‘झोपले कसे होते?’

‘उताणे.’

मग मी सांगितलं. हृदय थांबलं की रक्त फिरत नाही, आपल्या वजनाने खालच्या अंगाला उतरतं. तास-दोन तासांत डाग दिसायला लागतात, आठ-बारा तासांत पक्के होतात. जिथे शरीराचा भार गादीवर टेकलेला असतो, तिथल्या केशवाहिन्या दबतात. तिथे रक्त शिरतच नाही. ते तुमचे दोन ठिगळ. आणि आवाज छातीत उरलेल्या हवेचा. अंग वळवलं की ती स्वरयंत्रातून बाहेर पडते.

त्यांनी माझं पॅड ओढलं, पेन्सिलीने पाठ काढली, सगळी काळी केली, दोन जागा कोऱ्या ठेवल्या. बराच वेळ बघत बसले.

‘म्हणजे मी हे बघितलं तेव्हा...’

‘जाऊन कितीतरी तास झाले होते.’

पाच महिन्यांत पहिल्यांदा रडले. ज्या खुणेने त्यांना छळलं, तीच साक्षीला उभी राहिली. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. माणूस प्रसंगापेक्षा त्याला लावलेल्या अर्थाने पोळतो, असं मानणारी. पण अर्थ बदलायला कधी कधी शरीरशास्त्राचं एक पान पुरतं, हे मला त्या पेन्सिलीने शिकवलं. (ते चित्र अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.)

तेव्हा घरात कुणी असं विचारलं, तर ‘नको ते विचार करू नकोस’ म्हणू नका. नीट उत्तर द्या, नाहीतर डॉक्टरांना विचारायला सांगा. आपली जाणती माणसं लगेच डोळे मिटवतात, हनुवटीखालून फडकं बांधतात, पायाचे अंगठे जोडतात. पापण्या आणि जबडा दोन-तीन तासांतच ताठरायला लागतात, मुंबईच्या उकाड्यात आणखी लवकर. म्हणून ती घाई. पुढे दीड-दोन दिवसांत अंग पुन्हा सैल पडतं. तोंडानाकातून पाणी येतं, म्हणून कापूस. मुलांनाही हे त्यांना समजेल अशा शब्दांत सांगता येतं.

शेवटच्या भेटीला ते म्हणाले, आईला चित्र काढून दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, ‘मला माहीत होतं रे. पाच वाजता पाणी भरायला उठले तेव्हाच हात गार लागला होता. म्हटलं, उजाडेपर्यंत झोपू दे तुम्हाला.’