चालत्या गाडीची ताकद अचानक गेली तर
नव्या चालकाने सर्वप्रथम हे ओळखावे की इंजिन पूर्ण बंद पडले आहे, की ते सुरू असूनही गाडी ओढत नाही.

इंजिन बंद पडले, तर पॉवर स्टिअरिंगची मदत जाते आणि स्टिअरिंग जड होते. ब्रेकच्या बूस्टरमध्ये (पेडल दाबायला मदत करणाऱ्या भागात) उरलेला निर्वात दाब मात्र एक-दोन वेळाच साथ देतो. म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा पंप करू नका, एकदाच दाबून धरा. पेडल कडक लागले तरी पूर्ण जोर लावा, कारण ब्रेक निकामी झालेले नसतात. नवशिक्यांची सर्वांत घातक चूक म्हणजे चालत्या गाडीची किल्ली काढून घेणे, ज्यामुळे स्टिअरिंग लॉक होऊ शकते. धोक्याचे दिवे लावून गाडीच्या उरलेल्या वेगातच डाव्या कडेला या.

इंजिन चालू असूनही कसारा घाट चढताना गाडी ओढत नसेल, तर अॅक्सिलरेटर तळाला दाबण्याआधी तापमानाचा काटा पाहा. तो वर गेला असल्यास थांबा आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नका. काटा जागेवर असेल, तर तुंबलेला एअर फिल्टर किंवा इंधन फिल्टर कारण असू शकतो. ते निदान नाशिकमधल्या द्वारका किंवा अंबडच्या गॅरेजवाल्यावर सोपवा.

थांबल्यावर:
- धोक्याचा इशारा देणारा त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवा.
- सर्वांनी कठड्यापलीकडे उभे राहावे, मात्र पलीकडे दरी असेल तर नव्हे.
- राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वर फोन करा.

ताकद जाण्याची सेन्सर, टर्बो वगैरे इतर कारणे सध्या राहू द्या.