जुना ट्रॅक्टर, नवा हप्ता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी पाच एकर द्राक्षबाग आहे आणि ओळींमधील अंतर नऊ फूट आहे. २०११ साली घेतलेला साडेअठरा हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर आणि सहाशे लिटरचा ब्लोअर (ट्रॅक्टरमागचे फवारणी यंत्र) यांवर आमचे सगळे काम चालते. ट्रॅक्टरचे कर्ज २०१६ मध्ये फिटले. तो वर्षाला साधारण तीनशे तास चालतो. गेल्या हंगामात तो दोनदा बंद पडला, एकदा क्लचमुळे आणि एकदा हायड्रॉलिकमुळे. मेकॅनिकने इंजिन, क्लच आणि हायड्रॉलिक मिळून ८५,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. मुलाचे म्हणणे असे, की एवढा पैसा जुन्यात घालण्यापेक्षा चोवीस हॉर्सपॉवरचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घ्यावा. आता जीएसटीही कमी झाला आहे. डीलर जुन्याचे १,४०,००० रुपये धरायला तयार आहे. उरलेल्या ६,००,००० रुपयांचे कर्ज ११ टक्के व्याजाने, पाच वर्षांसाठी, सहामाही हप्त्यांनी मिळते आहे. आम्ही काय करावे? (एक वाचक, दिंडोरी तालुका)

उत्तर : आपण आकडे नीट लिहून पाठवलेत, त्यामुळे उत्तर मोघम देण्याची वेळ आली नाही. ६,००,००० रुपयांचे कर्ज, ११ टक्के व्याज आणि दहा सहामाही हप्ते असा हिशेब मांडला, तर एक हप्ता सुमारे ७९,६०० रुपयांचा होतो. म्हणजे जुन्या ट्रॅक्टरच्या संपूर्ण दुरुस्तीला जेवढे पैसे लागणार आहेत, जवळजवळ तेवढेच पैसे नव्या ट्रॅक्टरचा एकच हप्ता घेऊन जाईल, आणि असे दहा हप्ते आहेत. पाच वर्षांत बँकेला सुमारे ७,९६,००० रुपये जातील आणि त्यांतले १,९६,००० रुपये निव्वळ व्याजाचे असतील. वर्षाचे दोन हप्ते तीनशे तासांवर वाटले, तर डिझेल टाकण्यापूर्वीच प्रत्येक तासामागे ५३० रुपये पडतात. ट्रॅक्टर भाड्याने देऊन तास वाढवण्याचा आपला विचार पत्रात दिसत नाही, म्हणून मी तीनशेच धरले आहेत.

जीएसटीबद्दल मुलाची माहिती बरोबर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे कपात पूर्णपणे ग्राहकाला मिळाली तर पूर्वी कर धरून सात लाखांना मिळणारा ट्रॅक्टर सुमारे ४३,७५० रुपयांनी स्वस्त झाला. मात्र त्याच दिवशी ट्रॅक्टरच्या मागच्या टायर-ट्यूबवरचा आणि ठरावीक सुट्या भागांवरचा करही १८ वरून ५ टक्के झाला, याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. टक्केवारीने पाहिले तर नव्या ट्रॅक्टरची किंमत सव्वासहा टक्क्यांनी उतरते आणि त्या टायरांची व सुट्या भागांची अकरा टक्क्यांनी. करकपातीचा मोठा वाटा जुना ट्रॅक्टर सांभाळणाऱ्याच्या पदरात पडला आहे. मेकॅनिकचा अंदाज त्यापूर्वीचा असेल, तर तो पुन्हा मागून घ्यावा.

तरीही केवळ पैशांच्या हिशेबावर मी आपणांस नको म्हणणार नाही, कारण द्राक्षबागेत ट्रॅक्टर बंद पडणे आणि इतर पिकांत बंद पडणे यांत फार अंतर आहे. नांगरणी चार दिवस पुढे गेली तर चालते. फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर पोंगा (डोळे फुटण्याच्या) अवस्थेपासून मणी सेट होईपर्यंतचे जे दिवस असतात, त्यांत पाऊस पडून गेल्यावर डावणी या बुरशीच्या रोगावरची फवारणी चार तास लांबली, तरी त्याची किंमत घडांवर दिसते. २०१८ च्या हंगामात निफाड तालुक्यातल्या आमच्या स्वतःच्या बागेत हे घडले. बाग फुलोऱ्यात होती, दुपारी क्लच घसरून ट्रॅक्टर ओढेना, आणि त्याच रात्री पाऊस झाला. शेजाऱ्याने आपली फवारणी आटोपून दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर दिला, तोपर्यंत खालच्या बाजूच्या सखल ओळींतले घड गेले होते. नंतर गॅरेजमध्ये क्लचप्लेट हातात घेतली, तेव्हा तिचे अस्तर इतके झिजले होते, की रिव्हेटांची डोकी उघडी पडून प्रेशर प्लेटवर गोल चर उमटले होते. क्लच घसरत असल्याचे मला ऑगस्टपासून कळत होते. दोष ट्रॅक्टरच्या वयाचा नव्हता. छाटणीआधी तो उघडून पाहिला नाही, हा दोष माझा होता, आणि त्या ओळी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

म्हणून आपल्या ट्रॅक्टरचे दोन खोळंबे कोणत्या तारखांना झाले, हे आधी लिहून काढा. ते घड नसतानाच्या, उन्हाळी खरड छाटणीच्या सुमारास झाले असतील, तर त्यांचा त्रास झाला पण नुकसान झाले नाही. ते पोंगा ते सेटिंग या काळात झाले असतील, तर दुरुस्ती सप्टेंबरच्या आत पूर्ण झालीच पाहिजे, आणि क्लचप्लेट, फॅनबेल्ट, डिझेल फिल्टर, पाण्याच्या पंपाचे सील आणि ब्लोअरच्या पंपाचे डायफ्रॅम हे सुटे भाग घरात आणून ठेवले पाहिजेत. दुरुस्तीला पैसे देण्यापूर्वी इंजिनाची परीक्षा आपण स्वतः करू शकता. सकाळी थंड इंजिन सुरू करा, ते तापू द्या आणि ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीपुढे तळहात धरा. हलकी वाफ लागली तर ठीक. ठोक्यागणिक धुराचा जोरदार फुंकर हाताला लागला, तर रिंगा आणि लायनर गेले आहेत. सायलेन्सरचा धूर निळसर असेल तर ऑइल जळते आहे. काळा असेल तर बहुतेक वेळा एअर फिल्टर किंवा डिझेलचा नोझल पाहिला की भागते, इंजिन उतरवावे लागत नाही. आपल्या अंदाजपत्रकातील इंजिनाच्या कामाची खरोखर गरज आहे का, हे या परीक्षेतून कळेल; कदाचित त्यातली मोठी रक्कम वाचेलही.

आता ब्लोअरविषयी. आपण त्याबद्दल काही विचारलेले नाही, पण माझ्या मते बागेतला खरा तोटा तिथे आहे. नऊ फुटी ओळींत एका एकराला साधारण १,४७५ मीटर चालावे लागते आणि ताशी चार किलोमीटर वेगाने त्याला बावीस मिनिटे लागतात. बारा नोझल प्रत्येकी मिनिटाला दीड लिटर सोडत असतील, तर एकरी सुमारे ४०० लिटर पाणी जाते. नोझल झिजून तेच दोन लिटर सोडू लागले, तर ५३० लिटर जाते. थेंब मोठे होतात, पानांवरून ओघळतात आणि औषध घडांऐवजी जमिनीवर पडते. पीटीओ (ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवून प्रत्येक नोझलखाली बादली धरा, एक मिनिट पाणी गोळा करा आणि मोजा. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक पाणी देणारा नोझल बदलून टाका. नवा ट्रॅक्टर आला आणि मागे हाच झिजलेला संच राहिला, तर फवारणी होती तशीच होणार आहे.

फोर व्हील ड्राइव्हच्या बाजूने एक खरे कारण आहे आणि ते मुलाने सांगितले असेल. काळ्या जमिनीत पाऊस उघडल्यावर मागची चाके जागीच फिरतात, आणि भरलेला ब्लोअर ओढताना ट्रॅक्टर तिरका सरकून वेलींच्या खुंटांवर जातो. गेल्या दोन हंगामांत केवळ चिखलामुळे फवारणी चुकली असे दिवस किती, हे दोघांनी बसून मोजा. असे दिवस पाच-सहा निघाले, तर मुलाचे म्हणणे मला मान्य आहे. एखाद-दुसराच निघाला, तर मधल्या पट्ट्यात पावसाळ्याआधी रोटाव्हेटर मारणे थांबवून गवत राखा. चाकाला पकड मिळते. त्याशिवाय शेजारच्या कोणाकडे फोर व्हील ड्राइव्ह असेल, तर त्याच्याशी सावड (आळीपाळीने एकमेकांचे काम) करा. आपल्या भागात सावडीने छाटणी आणि डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे) अजून होते, मग फवारणी का होऊ नये?

माझे मत विचाराल, तर या वर्षी जुना ट्रॅक्टर नीट करा, नोझल बदला, आणि जो हप्ता भरावा लागला असता त्यातली शक्य ती रक्कम दर सहा महिन्यांनी वेगळ्या खात्यात टाका. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट निफाड-दिंडोरीकडचा कोणताही बागायतदार विसरलेला नाही. त्या दिवशी ज्यांची बाग झोडपली गेली, त्यांचा मार्चचा हप्ता मार्चमध्येच आला. कर्ज फिटलेला ट्रॅक्टर अशा वर्षी शेडमध्ये उभा राहतो आणि काही मागत नाही. तीन वर्षांनी नवा घ्यायचा झाला, तरी खात्यातल्या रकमेमुळे कर्ज निम्म्यावर येऊ शकेल.

मुलाला मात्र हे सांगताना त्याच्या श्रमांचा विचार नक्की करा, कारण फवारणीच्या वेळी सीटवर तो बसतो. दुरुस्तीतच नवी सीट बसवा, आणि पीटीओ शाफ्टवर आवरण नसेल तर ते पहिल्याच दिवशी बसवा. फिरत्या शाफ्टमध्ये कपड्याचे टोक अडकून माणसे दगावली आहेत. या एका बाबतीत जुने आहे तसे चालवू नका.

प्रश्न : आम्हा तीन भावांची मिळून अठ्ठावीस एकर शेती आहे, मका आणि कांदा घेतो. २००८ चा एकोणचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर चांगला चालतो. आता पंचावन्न हॉर्सपॉवरचा घ्यावा असे धाकट्या भावाचे मत आहे. नव्या ट्रॅक्टरमध्ये कॉम्प्युटर असतो आणि अमेरिकेत शेतकरी जुनेच ट्रॅक्टर शोधून घेतात, असे ऐकतो. यात तथ्य किती? (एक वाचक, येवला तालुका)

उत्तर : अमेरिकेतली गोष्ट खरी आहे. तिथल्या मोठ्या ट्रॅक्टरांचे सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत डीलरशिवाय पूर्णपणे उघडत नाही, म्हणून दुरुस्तीच्या हक्काचा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर जॉन डिअर कंपनीवर खटला भरला. पण ती भीती जशीच्या तशी येवल्यात आणू नये. आपल्याकडे ट्रेम-४ हे उत्सर्जनाचे मानक जानेवारी २०२३ पासून पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना लागू झाले, आणि मुख्यतः त्या वर्गात कॉमन रेल (एकाच नळीतून जास्त दाबाने सर्व इंजेक्टरांना डिझेल देणारे) इंजिन व इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. त्याखालच्या वर्गात साधा यांत्रिक पंप अजून सर्रास मिळतो आणि गावातला मेकॅनिक तो उघडू शकतो.

म्हणजे आपला भाऊ जो ट्रॅक्टर पाहतो आहे, तो नेमका या रेषेच्या पलीकडचा आहे. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो आणि इंजेक्टरला बारीकशी धूळ किंवा पाणीही सोसत नाही. आपण डिझेल उघड्या कॅनमधून आणून शेतात ओतत असाल, तर ती सवय आधी मोडावी लागेल. खरेदीपूर्वी डीलरला एकच गोष्ट लेखी विचारा : बिघाडाचा कोड वाचणारे यंत्र घेऊन माणूस बांधावर किती तासांत येईल? लेखी उत्तर मिळाले नाही, तर तेही उत्तरच समजावे.

अठ्ठावीस एकरांत पंचावन्न हॉर्सपॉवर लागणारे काम म्हणजे खोल नांगरट आणि फार तर मोठा रोटाव्हेटर, आणि ते वर्षातले थोडेच दिवस असते. ते भाड्याने करून घ्या. लासलगावला कांद्याची ट्रॉली न्यायला आपला २००८ चा ट्रॅक्टर पुरेसा आहे. फक्त ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर आणि दिवे आजच लावा.

प्रश्न : मी दिवाळीत रोखीने रोटाव्हेटर घेतला. आता महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर अर्ज केला तर अनुदान मिळेल का? (एक वाचक भगिनी, चांदवड तालुका)

उत्तर : ताई, या यंत्रावर मिळणार नाही. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत आधी अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती आणि त्यानंतरच खरेदी असा क्रम आहे. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचे बिल धरले जात नाही. पुढच्या अवजारासाठी हे ध्यानात ठेवा. महिला, अल्प व अत्यल्प भूधारक आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ठरवून दिलेल्या मर्यादेत ५० टक्के, तर इतरांना ४० टक्के अनुदान असते. त्यामुळे सातबारा आपल्या नावावर असेल, तर अर्जही आपल्याच नावाने करा. रोटाव्हेटरचे बिल आणि वॉरंटी कार्ड मात्र सांभाळून ठेवा, आणि पहिल्या काही तासांनंतर पात्यांचे बोल्ट पुन्हा आवळून गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी पाहून घ्या.