परक्या देशात पाकीट, कार्ड, पासपोर्ट सगळंच गेलं तर: आधी घरी फोन

तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. ट्रेनमध्ये डोळा लागला, जाग आली तेव्हा वरच्या फळीवरची बॅग गायब. रोख पैसे, दोन्ही कार्डं, पासपोर्ट, सगळं त्यातच. फोन खिशात होता म्हणून वाचला. हॉटेलचे पैसे उद्या सकाळपर्यंतचे भरलेले आहेत, परतीचं विमान सहा दिवसांनी आहे आणि व्हिसा त्यानंतर दोनच दिवसांनी संपतोय. एम्बसीला फोन केलात तर "आम्ही पैसे देत नाही" एवढंच ऐकायला मिळालं. आणि अगदी शेवटी तुम्ही म्हणता, घरी अजून काही सांगितलेलं नाही, बाबांना उगाच घोर नको.

मी त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. हे वाचून झालं की लगेच घरी फोन करा.

अकरा वर्षांपूर्वी मीही अशीच अडकले होते. माझा पासपोर्ट शाबूत होता, बाकी सगळं गेलं होतं. तीन दिवस मी घरी "मजेत आहे" असंच सांगत राहिले. त्या तीन दिवसांत खिशातली चिल्लर संपली, फोनचा बॅलन्स संपला आणि वर शनिवार-रविवार आडवा आला. शेवटी बहिणीला रडत रडत सांगितलं, तर दीड दिवसात पैसे माझ्या हातात होते. त्यानंतर माझ्याकडे ओळखीतून असे बरेच फोन आले आणि जवळपास प्रत्येकाचे पहिले दोन-तीन दिवस असेच वाया गेलेले होते. या परिस्थितीत पैशाइतकेच दिवसही मोलाचे असतात. तुमच्याकडे आठ दिवस आहेत, त्यातला एक गेलाच.

फोन शक्यतो व्हिडिओवर करा, नुसता मेसेज टाकू नका. "परदेशात अडकलोय, चोरी झाली, ताबडतोब पैसे पाठव" हे मेसेज लोकांचे मेल हॅक करून भामटे वर्षानुवर्षं पाठवत आलेत. तुमचा खरा मेसेजही शब्दन् शब्द तसाच दिसणार, आणि शहाणा माणूस त्याला उत्तर देणार नाही. चेहरा दिसला, आवाज ऐकला की हा प्रश्नच मिटतो. आणि "थोडे पाठवा" असं मोघम सांगू नका. किती रात्री राहायचंय, खाणं, फिरणं, नव्या कागदपत्रांची फी, फोन, असा हिशोब कागदावर मांडा आणि एकच आकडा सांगा. घरच्यांपैकी एकालाच सूत्रधार करा. चार नातेवाईक चार ठिकाणी फोन फिरवायला लागले की बँकही गोंधळते आणि एम्बसीही.

आता एम्बसीबद्दल. त्यांनी तुम्हाला झिडकारलं असं वाटणं साहजिक आहे, पण तुम्ही त्यांना जे मागितलंत ते बहुतेक देशांच्या वकिलाती देतच नाहीत. वकिलातींनी काय करायचं हे १९६३च्या व्हिएन्ना करारात लिहिलेलं आहे. आपल्या नागरिकांना मदत करणं आणि पासपोर्ट, प्रवासाची कागदपत्रं देणं ही कामं त्यात आहेत. मात्र मदत म्हणजे रोख पैसे, असं त्यात कुठेच नाही. पैशाचं धोरण प्रत्येक देशाचं वेगळं. ब्रिटनचं परराष्ट्र खातं सरळ सांगतं की तुमची बिलं आम्ही भरणार नाही, घरून पैसे मागवायला मदत करू. अमेरिका अगदीच कोणी पाठीशी नसलेल्या नागरिकाला परतीपुरतं कर्ज देते, पण ते फेडायचं लिहून घेते, आणि ते फिटेपर्यंत पूर्ण मुदतीचा पासपोर्ट देत नाही. भारताच्या दूतावासांकडे २००९ पासून एक कल्याण निधी आहे. त्यातून तात्पुरता निवारा, तातडीचे उपचार, परतीचं तिकीट यांचा खर्च होऊ शकतो, पण खरोखर ऐपत नसल्याची खात्री करूनच. आईवडील पैसे पाठवू शकत असतील तर आधी तेच विचारलं जाणार, आणि ते योग्यच आहे. तो निधी मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या, रस्त्यावर आलेल्या माणसासाठी ठेवलेला आहे.

म्हणून उद्या फोन न करता प्रत्यक्ष जा आणि प्रश्न बदलून विचारा. पासपोर्टऐवजी तातडीचं प्रवासपत्र किती दिवसांत मिळेल? त्याला कोणते कागद लागतील? घरून पैसे येणार आहेत, पण ओळखपत्र नाही, तर ते घ्यायचे कसे? राहण्याची व्यवस्था करू शकेल अशी आपल्या लोकांची एखादी संस्था या शहरात आहे का? पैशाच्या प्रश्नाला एका शब्दात नकार मिळतो. या प्रश्नांना तसा देता येत नाही, त्यांची उत्तरं शोधून देणं हे त्यांचंच काम आहे. ज्या देशात आपली वकिलातच नाही तिथे अडकलेल्यांनी दुसऱ्या देशाचंही दार ठोठवून बघावं. युरोपीय संघाच्या नागरिकाला तर तसा हक्कच आहे: संघाबाहेरच्या देशात आपला दूतावास नसेल तर संघातल्या दुसऱ्या कुठल्याही देशाच्या दूतावासाकडे जायचं. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियानेही आपसांत तसं वाटून घेतलंय. इतरांनी शेजारच्या देशातल्या आपल्या वकिलातीला फोन करायचा.

पण एम्बसीच्याही आधी पोलीस ठाणं. चोरी झालेल्या माणसाला पोलिसांकडून वस्तू परत मिळण्याची आशा नसते, म्हणून बरेच जण जातच नाहीत. तिथे जायचं ते शिक्का मारलेल्या त्या एका कागदासाठी. एम्बसी तो मागणार, विमा कंपनी मागणार, इमिग्रेशनवाले मागणार. चोरीला गेलेल्या वस्तूंत पासपोर्टचा उल्लेख स्पष्ट करून घ्या, नंबर आठवत असेल तर तोही. कागद मिळाला की लगेच फोनवर फोटो काढून घरी पाठवा. आणि एकदा पासपोर्ट चोरीला गेल्याची नोंद झाली की तो इंटरपोलच्या यादीत जाऊ शकतो. उद्या कोणी बॅग आणून दिली तरी त्या पासपोर्टवर विमानतळावर जाऊ नका, अडवतील.

प्रवासपत्र साधारण एकाच प्रवासापुरतं असतं: घरी परत. यात दोन गोष्टी लोकांना विमानतळावर कळतात, म्हणून इथेच सांगते. तुमचं विमान मध्ये तिसऱ्या देशात बदलायचं असेल तर तो देश असं कागदी प्रवासपत्र मान्य करतो का, हे एअरलाइनला आधी विचारा. सगळे करत नाहीत. आणि जुन्या पासपोर्टासोबत तुमचा प्रवेशाचा शिक्का आणि व्हिसाही गेलाय. तुम्ही या देशात कायदेशीर आलात याचा पुरावाच हातात नाही. अनेक देशांत अशा वेळी इमिग्रेशन कार्यालयातून बाहेर पडायची वेगळी परवानगी घ्यावी लागते, आणि तिला एक-दोन दिवस जातात. व्हिसा संपला की वर दंड. म्हणून एम्बसीतून प्रवासपत्र घेतानाच विचारा, "यावर थेट निघता येईल, की आधी इमिग्रेशनला जावं लागेल?"

आता पैसे. सर्वांत आधी दोन्ही कार्डं ब्लॉक करा, पण त्याच फोनमध्ये एक वाक्य जोडा: "मी परदेशात आहे, इमर्जन्सी कॅश हवी आहे." व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही कार्ड कंपन्यांची अशी सोय आहे. बँकेने मंजुरी दिली की त्यांच्या तिथल्या एजंटाकडे कार्डाशिवाय रोख रक्कम मिळते. सगळ्या कार्डांना ती लागू नसते, पण विचारलं नाही तर कोणी आपणहून सांगत नाही. आणि कृपा करून फोनमधलं घरचं सिम काढून तिथलं स्थानिक सिम घालू नका. सगळे ओटीपी त्याच नंबरवर येणार आहेत. त्या सिमवर रोमिंग चालू नसेल तर घरच्यांकरवी ते आजच सुरू करून घ्या. प्रवास विमा काढला होता का, हेही मेलमध्ये शोधा. कधीकधी तो तिकिटाबरोबर किंवा कार्डाबरोबर आलेला असतो आणि आपल्या लक्षातही नसतो. त्यांची चोवीस तासांची हेल्पलाइन असेल तर तिथेही आजच कळवा, उशिरा कळवलं म्हणून दावे नाकारले जातात.

घरून रोख पाठवायचा अनेक देशांतला नेहमीचा मार्ग म्हणजे वेस्टर्न युनियन किंवा मनीग्राम या पैसे पोचवणाऱ्या कंपन्या. भारतातून बाहेर पाठवायला ही सोय सरसकट नसते, म्हणून घरच्यांना आधी चौकशी करायला सांगा. तिकडे पैसे भरले की इकडे नंबर सांगून घ्यायचे. पण घेताना ओळखपत्र लागतंच, आणि नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. माझ्या वेळी बहिणीने घाईत माझं नाव आणि आडनाव एवढंच लिहिलं होतं. पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव. काचेपलीकडच्या बाईने एक बोट चिठ्ठीवर ठेवलं, दुसरं पासपोर्टवर, आणि मान हलवली. मला तिची भाषा येत नव्हती, तरी कळलं. फोन करायला बॅलन्स नव्हता. रांगेत मागे एक म्हातारे गृहस्थ उभे होते, त्यांनी काही न विचारता आपला फोन पुढे केला. बहिणीने तिकडून नाव दुरुस्त करून घेतलं आणि वीसेक मिनिटांनी त्याच खिडकीत पैसे मिळाले. त्या वीस मिनिटांत मी काचेवरचा कामाच्या वेळांचा कागद इतक्यांदा वाचला की अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून सांगते, ज्या कागदावर पैसे घेणार त्याचा फोटो घरी पाठवा आणि त्यावर आहे तसंच नाव लिहायला सांगा.

तुमच्याकडे तर आत्ता कुठलंच ओळखपत्र नाही. म्हणजे रोख हातात यायला प्रवासपत्र मिळेपर्यंत थांबावं लागेल, कदाचित दोन-तीन दिवस. तोपर्यंत पैसे तुमच्यापर्यंत न आणता थेट खर्चापर्यंत पोचवायचे. हॉटेलचं बिल घरून कार्डाने भरता येतं. उद्या सकाळी चेकआउटच्या वेळी नको, आज रात्रीच खाली जाऊन मॅनेजरला सगळं खरं सांगा आणि पैसे भरायची लिंक मागा. त्यांनी तुमच्या पासपोर्टची प्रत ठेवली असेल तर तीही मागून घ्या, एम्बसीत उपयोगी पडेल. त्या शहरात कोणाच्या ओळखीचं कोणी राहत असेल तर घरच्यांनी त्याच्या खात्यात पैसे टाकावेत, तो तुम्हाला रोख देईल. मित्राच्या मित्राचा चुलतभाऊ चालतो. संकोच करू नका. अगदी काहीच जमलं नाही तर देवळं, चर्च, मशिदी, गुरुद्वारे आहेत. गुरुद्वाऱ्यात कोणताही धर्म न विचारता जेवायला मिळतं, आणि तिथे फोन फिरवून मदत मिळवून देणारी माणसंही भेटतात.

परतीचं तिकीट सोडू नका. आधी निघावंसं वाटलं तर तेच तिकीट बदलून घ्या, नवीन एकेरी तिकिटापेक्षा ते सहसा स्वस्त पडतं. नवीनच काढावं लागलं आणि दुसऱ्याच्या कार्डावर काढलं, तर काही एअरलाइन चेक-इनला ते कार्ड दाखवायला सांगतात, हे आधी फोन करून मिटवून घ्या. बुकिंगमध्ये जुन्या पासपोर्टचा नंबर असेल तर तोही बदलून घ्या.

एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते. तुम्ही अडकलेले आहात हे आसपासच्या लोकांना दिसतं, आणि त्यातले सगळे रांगेतल्या त्या आजोबांसारखे नसतात. "तुझं तिकीट मी काढतो, फक्त ही एक बॅग घेऊन जा" असं कोणीही, कितीही प्रेमाने म्हणालं, तरी तिथून उठून निघून जा. त्या बॅगेत काय आहे हे तुम्हाला विमानतळावरच कळेल, आणि अमली पदार्थ निघाले तर काही देशांत त्याची शिक्षा फाशी आहे. नवीन प्रवासपत्र कोणाकडे तारण म्हणून ठेवू नका. आणि पर्यटक व्हिसावर दोन दिवसांचं फुटकळ कामही धरू नका, हॉस्टेलमध्ये झोपायच्या बदल्यात साफसफाई केली तरी बऱ्याच देशांत ते बेकायदा काम धरतात.

हे सगळं प्रवाशाच्या बाबतीत झालं. नोकरीसाठी जाऊन अडकलेल्यांचा मार्ग वेगळा आहे, कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी थोडक्यात. मालकाने पासपोर्ट अडकवला असेल तर एम्बसीत तसं लेखी द्या, पासपोर्ट ज्या देशाने दिला त्या देशाचा असतो, मालकाचा नाही. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना, म्हणजे आयओएम, स्वेच्छेने मायदेशी परतणाऱ्या स्थलांतरितांना १९७९ पासून मदत करत आलीय, तिचं कार्यालय त्या देशात आहे का ते बघा. आणि जहाजावरच्यांनो, मालकाने तुम्हाला बंदरात टाकून दिलं तर आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराच्या जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमांनुसार परतीचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार यासाठी आर्थिक हमी असायलाच हवी. हा करार मानणाऱ्या देशांच्या जहाजांवर तिचं प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं. त्याचा फोटो काढा आणि आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या, निरीक्षकाला गाठा.

तुम्हाला आज रात्रीपुरतं एक काम. पासपोर्टची प्रत नाही म्हणून तुम्ही घाबरला आहात, पण व्हिसाच्या अर्जासाठी तुम्ही पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो कोणाला तरी पाठवला असणारच. मेलमध्ये जाऊन पाठवलेल्या मेल्स तपासा, नाहीतर एजंटला मागा. तो सापडला की पोलीस ठाण्यातलं आणि एम्बसीतलं निम्मं काम सोपं होतं. फोन चार्जिंगला लावा, बाबांना फोन करा, आणि त्यांच्याशी बोलणं झालं की मला एवढंच कळवा की विमान मध्ये कुठे बदलतंय. मग प्रवासपत्र तिथे चालतं का ते आपण बघू.