सरकारी मालकीची स्वस्त विमानसेवा: एअर इंडिया एक्स्प्रेस कशी उभी राहिली आणि का अडली

सरकारी मालकीची अल्पदरी विमानकंपनी नफ्यात येऊ शकते का, आणि येत असेल तर ती खासगी कंपन्यांच्या वेगाने का वाढत नाही, असे आपण विचारले आहे. आपल्या देशात या प्रश्नाचे सर्वांत चांगले उदाहरण एअर इंडिया एक्स्प्रेसचे आहे, म्हणून उत्तर मी तिच्यापुरतेच ठेवतो. माझे मत असे की ही कंपनी तगली ती तिचे काम अतिशय मर्यादित ठेवल्यामुळे, आणि खुंटली ती तिच्या कमाईवर व भांडवलावर तिचा स्वतःचा निर्णय चालत नसल्यामुळे.

तिचे पहिले विमान २९ एप्रिल २००५ रोजी तिरुवनंतपुरमहून अबू धाबीला गेले. त्यासाठी नवी कंपनी काढावी लागली नाही. एअर इंडियाची एअर इंडिया चार्टर्स लिमिटेड ही उपकंपनी १९७१ पासून अस्तित्वात होती, तिच्याच नावावर ही सेवा चालली. आखातात मजुरी, नोकरी करणाऱ्या केरळी माणसाला सुट्टीच्या आणि सणाच्या दिवसांत तिकिटाचे भाडे परवडत नसे आणि त्याविषयीचा असंतोष जुना होता. त्यातच २००३ मध्ये शारजाहून एअर अरेबिया सुरू झाली होती, म्हणजे हा प्रवासी दुसऱ्या कोणीतरी स्वस्तात नेणार हे दिसू लागले होते.

या सुरुवातीमागे सरकारी संरक्षणही होते, आणि ते लक्षात घेतल्याशिवाय हिशेब नीट लागत नाही. खासगी भारतीय कंपन्यांना परदेशी उड्डाणांची परवानगी मिळाली, तेव्हा आखाती मार्ग मात्र काही काळ सरकारी कंपन्यांसाठीच राखून ठेवले गेले. ते २००८ च्या जानेवारीत खुले झाले. त्यामुळे पहिली जवळजवळ तीन वर्षे एक्स्प्रेसला आखातात भारतीय खासगी कंपनीची स्पर्धाच नव्हती.

कामाची पद्धत मात्र खरोखरच नेटकी होती. ताफ्यात बोइंग ७३७-८०० हे एकच प्रकारचे विमान होते. आरंभीची विमाने भाड्याने घेतली होती, आणि पुढे एअर इंडियाने बोइंगकडे नोंदवलेल्या ६८ विमानांपैकी १८ एक्स्प्रेसच्या वाट्याला आली. एकच प्रकार असल्याने वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग आणि देखभाल या सर्वांचा खर्च आटोक्यात राहतो. केरळ किंवा मंगळूरहून आखात साधारण चार तासांच्या आत येत असल्यामुळे तेच कर्मचारी त्याच फेरीत परत येऊ शकत आणि परदेशी मुक्कामाचा खर्च वाचे. खाण्याचे छोटे पाकीट मात्र तिकिटातच मिळे आणि सामानाची मर्यादाही उदार असे. युरोपातील स्वस्त कंपन्यांनी नेमके याच गोष्टींचे वेगळे पैसे घेतले होते. दोन वर्षांनी घरी निघालेल्या माणसाजवळ किती सामान असते, हे इथल्या नियोजकांना ठाऊक होते, आणि मला हा निर्णय फार समंजस वाटतो.

वाढ अडली ती त्यानंतर. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या आणि मूळ कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली दबली. अशा घरातील लहान कंपनीला नवी विमाने मागून मिळत नाहीत. २०१३ च्या आरंभी मुख्यालय कोचीला गेले, म्हणजे निर्णय घेणारे निदान आपल्या प्रवाशांच्या जवळ आले. २०१५-१६ मध्ये कंपनीने प्रथमच निव्वळ नफा दाखवला, सुमारे ३६२ कोटी रुपये. त्यात स्वस्त झालेल्या तेलाचा वाटा मोठा होता हे मान्य करावे लागेल, परंतु पुढील वर्षांतही नफा टिकला. तरीही सरकारी काळ संपताना ताफा पंचवीसच्या आतच होता. २००६ मध्ये सुरू झालेल्या इंडिगोकडे तोवर अडीचशेहून अधिक विमाने होती.

काटकसरीचा आणखी एक पैलू अपघातांच्या चौकशीतून समोर आला. मंगळूरला २२ मे २०१० रोजी कंपनीच्या विमानाच्या अपघातात १५८ जण मृत्युमुखी पडले. कोळिकोडला ७ ऑगस्ट २०२० रोजी, करोनाकाळात परदेशी अडकलेल्या भारतीयांना परत आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेत दुबईहून आलेले तिचे विमान मुसळधार पावसात धावपट्टी ओलांडून खाली कोसळले आणि २१ जण गेले, त्यांत वायुदलातून आलेले कॅप्टन दीपक साठेही होते. दोन्ही ठिकाणी अस्थिर अवतरण सोडून पुन्हा वर जाण्याचा निर्णय झाला नाही, असे चौकशीचे निष्कर्ष आहेत. कोळिकोडच्या अहवालाने मात्र त्यापुढे जाऊन, त्या तळावर पुरेसे कॅप्टन नव्हते आणि कंपनीचे मनुष्यबळ धोरण सदोष होते, असेही नोंदवले. दुसऱ्या दिवशीचे उड्डाण आपल्यालाच न्यायचे आहे, ही जाणीव वैमानिकाच्या निर्णयावर परिणाम करून गेली असावी, असा त्याचा अर्थ होतो. केवळ वैमानिकाला दोष देऊन हा विषय संपवणाऱ्यांनी अहवालाचा तो भाग अवश्य वाचावा.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडियाबरोबर ही कंपनीही टाटा समूहाकडे गेली आणि १ ऑक्टोबर २०२४ रोजी पूर्वीची एअरएशिया इंडिया तिच्यात विलीन झाली. त्यानंतर ताफा झपाट्याने वाढला, हे खरे. पण त्यातील एक भाग विलीनीकरणातून आलेल्या एअरबस विमानांचा आहे, त्यामुळे आता बोइंग आणि एअरबस अशी दोन प्रकारची विमाने, त्यांचे वेगवेगळे वैमानिक आणि सुट्या भागांचे वेगवेगळे साठे सांभाळावे लागत आहेत. तेव्हा आजच्या कंपनीच्या वाढीचे आकडे सरकारी काळातील आकड्यांशेजारी ठेवताना हा फरक वजा करूनच तुलना करावी.