कुणात उभं राहू?

मे-जून आला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच प्रश्न येतो. ‘मॅडम, नववीला परत बसवलंय. हा डाग जन्मभर राहणार का?’

नववीच का, तर २०१० पासून शिक्षणहक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत कुणाला नापास करता येत नव्हतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे पाचवी-आठवीला परीक्षा आली, तरी सहावी-सातवीतला कच्चेपणा अजूनही नववीतच उघडा पडतो.

लालबागचा ओंकार (नाव बदललं आहे) आईबरोबर आला. दोन भेटींत तो एवढंच म्हणाला, ‘वर्गातली मुलं मला दादा म्हणतात.’ जुने मित्र वाटेत भेटू नयेत म्हणून तो वीस मिनिटं आधी घर सोडायचा.

तिसऱ्या भेटीला मी वडिलांना बोलावलं. ते चिडूनच आले. ‘वर्ष वाया घालवलं यानं!’

मी सहज विचारलं, ‘तुम्ही दहावी कधी झालात?’

ते थांबले. बराच वेळ. ‘शहाण्णवला. व्हायला हवी होती पंच्याण्णवला.’

ओंकारनं मान वर केली. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, बायकोलाही नाही.

‘शाळेचे दोन व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. दोन्हीकडून बोलावणं आलं, मी एकातही गेलो नाही. कुठल्या बॅचचा म्हणून जाऊ?’

ओंकार हळूच म्हणाला, ‘मलाही मधल्या सुट्टीत तेच वाटतं, बाबा. कुणात उभं राहू?’

त्या दिवशी मी पुढे काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. एका वर्षाला ‘मी कमी आहे’ असा अर्थ चिकटला आणि तो तीस वर्षं कुणी खरवडला नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना दिसलं होतं. माझा अनुभव हाच आहे, की माणूस घटनेपेक्षा तिच्या अर्थानं जास्त खचतो. म्हणून पालकांनो, ‘वाया गेलं’ हा शब्द घरातून आधी काढा.

पण नुसत्या धीरानं भागत नाही. परदेशातल्या अनेक अभ्यासांत दिसलंय, की वर्ष पुन्हा केल्यानं झालेली प्रगती दोन-तीन वर्षांत ओसरते आणि अशी मुलं शाळा जास्त सोडतात. तोच धडा त्याच पद्धतीनं पुन्हा शिकवला, तर अडलेलं तिथंच अडतं. आम्ही ओंकारची गणिताची उत्तरपत्रिका उघडली. कंसाबाहेर वजा असलं की तो फक्त पहिल्याच पदाचं चिन्ह बदलत होता. प्रत्येक गणितात तीच चूक! म्हणजे गाडी सातवी-आठवीत अडली होती.

वाचन-लेखनही सतत अडखळत असेल, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं किंवा गणित जड जाण्याची, तपासणी करून घ्या. मुंबईत पालिकेच्या सायन, नायर रुग्णालयांत ती होते. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जादा वेळासारख्या सवलती मिळतात.

ओंकारला ती गरज पडली नाही. सातवीचं गणित घरात सापडेना, तेव्हा वडिलांनी परळच्या रद्दीवाल्याकडून आणलं. रात्री जेवणं झाली की दोघं ते घेऊन बसतात.